क्रूझवरचं रात्रीचं जेवण : फ्लेक्झिबल वेळ घ्यावी का, आणि घेतली तर टेबल आधी धरून ठेवावं का?

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. तिचं नाशिकच्या मेन रोडला खाली दुकान, वर घर. डिसेंबरात सात जणांनी सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जायचं ठरलंय. केबिन ठरल्या, पासपोर्टच्या झेरॉक्स गेल्या, आणि मग एजंटने विचारलं, "रात्रीच्या जेवणाचं काय टाकू? फिक्स्ड की फ्लेक्झिबल? संध्याकाळपर्यंत सांगा." तिने फ्लेक्झिबल सांगून टाकलं आणि नंतर मला फोन केला. "कधीही जाऊन जेवता येईल, तेच बरं ना गं?"

मलाही आधी तसंच वाटलं होतं. आम्ही अकरा जण सिंगापूर, पेनांग, फुकेत अशा क्रूझला गेलो तेव्हा मीच हौसेने फ्लेक्झिबलवर खूण केली होती. पहिल्या रात्री सव्वासातला आम्ही डायनिंग रूमच्या दारात पोचलो. तिथे दोन रांगा होत्या. डावीकडे रिझर्व्हेशनवाले, ते केबिन नंबर सांगून सरळ आत जात होते. उजवीकडे आम्ही. तिथल्या मुलीने 'अकरा' ऐकून स्क्रीनकडे पाहिलं आणि एक काळा चपटा पेजर माझ्या हातात दिला. टेबल तयार झालं की हा थरथरेल, म्हणाली. सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. जवळपास खुर्ची नव्हती. त्या गालिचा घातलेल्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवून. पन्नास मिनिटांनी पेजर थरथरला तेव्हा टेबल मिळालं ते सहा जणांचं. मुलं तोवर कंटाळून वरच्या बुफेत गेली होती.

रविवारी सकाळी मिसळीला जाताना आपण काय करतो? एकाला पुढे पाठवतो, तो नंबर लावतो, बाकीचे गाडी लावून सावकाश येतात. बोटीवर फ्लेक्झिबल घेतलं की नंबर लावायचं काम आपल्याकडे येतं, एवढं मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आता घरात, ओळखीत कुणीही विचारलं की मी क्रमाने सांगते. तोच क्रम इथे देते.

सुरुवात इथून : निवड तुमच्या हातात आहे का?

आपल्याकडून बरेच जण टूर कंपनीबरोबर ग्रुपने जातात. तेव्हा जेवणाची वेळ बहुधा कंपनीने आधीच ठरवलेली असते, म्हणजे सगळ्या ग्रुपला एकच फिक्स्ड वेळ आणि शेजारशेजारची टेबलं. तुम्ही फॉर्मवर काहीही लिहिलंत तरी ते बदलत नाही. तेव्हा पहिला प्रश्न टूर कंपनीलाच विचारा : "आमची जेवणाची वेळ कोणती आणि ती ग्रुपची आहे की आम्हाला बदलता येते?" ग्रुपची असेल तर पुढचा निम्मा लेख सोडून घड्याळाचा आणि पथ्याचा भाग तेवढा वाचा.

स्वतः किंवा एजंटमार्फत बुकिंग करत असाल तर मुख्य डायनिंग रूमसाठी साधारण तीन पर्याय समोर येतात. फिक्स्ड लवकर, म्हणजे साडेपाच-सहाच्या सुमारास. फिक्स्ड उशिरा, म्हणजे आठ-सव्वाआठच्या सुमारास. आणि फ्लेक्झिबल, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास दार उघडल्यापासून नऊ-साडेनऊच्या शेवटच्या प्रवेशापर्यंत कधीही. फिक्स्डमध्ये वेळ, टेबल आणि वेटर रोज तेच. फ्लेक्झिबलमध्ये यातलं काहीच ठरलेलं नसतं. जेवण मात्र एकच, मेनूही एकच, आणि ते भाड्यातच धरलेलं असतं.

पण 'फ्लेक्झिबल' हा शब्द प्रत्येक कंपनी आपल्या अर्थाने वापरते, आणि लोक इथेच फसतात. रॉयल कॅरिबियनमध्ये त्याला 'माय टाइम डायनिंग' म्हणतात आणि तिथे घरबसल्या आधी वेळ धरून ठेवता येते. प्रिन्सेसमध्ये 'डाइन माय वे', तिथेही अ‍ॅपवरून आधी टेबल घेता येतं. कार्निव्हलच्या 'युअर टाइम डायनिंग'मध्ये आधी रिझर्व्हेशन नसतं. त्या संध्याकाळी जेवायची इच्छा झाली की अ‍ॅपवर नंबर लावायचा आणि टेबल तयार झाल्याचा निरोप आला की जायचं. नॉर्वेजियनने २००० साली 'फ्रीस्टाइल' सुरू केलं तेव्हापासून त्यांच्याकडे ठरलेली वेळ हा प्रकारच राहिला नाही. डिस्नीचं अगदी वेगळं : वेळ ठरलेली, पण रेस्टॉरंट रोज बदलतं आणि वेटर तुमच्याबरोबर एका रेस्टॉरंटमधून दुसऱ्यात येतात. म्हणून एजंटला नुसतं "फ्लेक्झिबल आहे का" विचारू नका. "फ्लेक्झिबलमध्ये आधी टेबल धरता येतं का, आणि रोजची एकच वेळ धरता येते का?" असं विचारा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं.

घड्याळ : बोटीचं आणि पोटाचं

एक कागद घ्या. घरी रात्री किती वाजता जेवता ते लिहा. मेन रोडला माझ्या बहिणीकडे नऊला दुकान बंद होतं, पानं वाढली जातात साडेनऊला. आमच्याकडे साडेआठ. आता त्याच्यापुढे जिथे जाणार तिथली वेळ लिहा.

सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. म्हणजे तिथल्या साडेपाचच्या फिक्स्ड जेवणाला आपल्या पोटात दुपारचे तीन वाजलेले असतात. दुपारी एकला बुफेत पोटभर खाल्लेलं, चारला चहा-केक झालेला, आणि साडेपाचला तीन कोर्सचं जेवण समोर. निम्मं ताटात राहतं. उशिराच्या सव्वाआठला आपल्याकडे पावणेसहा होतात. तेही लवकरच, पण जमतं. चार रात्रींत शरीर नव्या वेळेला नीट रुळतही नाही, तोवर परत यायची वेळ होते. म्हणून सिंगापूरला जाणाऱ्या नाशिककराला, पथ्याचं काही कारण नसेल, तर लवकरची फिक्स्ड वेळ मी सुचवत नाही.

भूमध्य समुद्रातल्या क्रूझला गणित उलटं होतं. उन्हाळ्यात बार्सिलोना किंवा रोम आपल्या साडेतीन तास मागे असतात. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे नाशिकचे साडेनऊ, बहिणीच्या घरी पानं वाढायची नेमकी वेळ. आणि तिथली साडेआठची उशिराची वेळ म्हणजे आपली मध्यरात्र. आम्ही दोन जोडपी बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. पहिल्या रात्री आठ वाजता जेवायला बसलो आणि माझे यजमान सूप येईपर्यंत बसल्या जागी पेंगायला लागले. दुसऱ्या दिवसापासून साडेसहा केले. पाचव्या दिवशी अंगवळणी पडल्यावर पुन्हा साडेसातवर आलो. असं सरकवता येणं ही फ्लेक्झिबलची खरी कमाई, आणि ती लांबच्या क्रूझमध्येच पदरात पडते.

दुबई दीड तास मागे, तिथे कोणतीही वेळ चालून जाते. अलास्का उन्हाळ्यात साडेतेरा तास मागे. तिथे पोटाच्या घड्याळाचा हिशेब करण्यात अर्थ नाही, फ्लेक्झिबल घ्या आणि झोप सावरा. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणार असाल तर घड्याळ आपलंच. सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या फेऱ्या सुरू झाल्यावर नाशिकची पुष्कळ कुटुंबं पहिली क्रूझ तिथूनच करतात. दोन-तीन रात्रींच्या त्या प्रवासासाठी एवढा खल करायची गरज नाही. घरच्या वेळेला जवळची जी असेल ती घ्या.

पहिल्या रात्रीचा विचार मात्र वेगळा करायला लागतो. सिंगापूरच्या क्रूझसाठी आपण आदल्या रात्री नाशिक सोडतो. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो, तरी मुंबई विमानतळापर्यंतचे साडेतीन-चार तास, मग विमानतळावरचे तीन, मग साडेपाच तासांचं विमान. बोटीत पाय ठेवतो तेव्हा घरातल्या कुणाचीच झोप झालेली नसते. क्रूझच्या आधी एक रात्र सिंगापूरला मुक्काम असेल तर हा प्रश्न येत नाही. नसेल, तर पहिल्या रात्री सातच्या आत जेवायला बसून लवकर झोपायचं ठरवूनच ठेवा.

टेबलाला माणसं किती?

या एका आकड्यावर निम्मा निर्णय होतो. फ्लेक्झिबलच्या डायनिंग रूममध्ये दोघांची आणि चौघांची टेबलं पुष्कळ असतात, सहाची कमी, आठ-दहाची मोजकी. दोघं जण सातला जाऊन उभे राहिले तर पाच-दहा मिनिटांत बसतात. आठ जणांना मात्र मोठं टेबल रिकामं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या टेबलावरचे लोक गोड खाऊन गप्पा मारत बसलेले असतात. तीन कोर्सचं जेवण आरामात दीड तास चालतं. वेटर त्यांना उठवत नाहीत, उठवणं योग्यही नाही.

म्हणून दोघं ते चौघं असाल तर फ्लेक्झिबल खुशाल घ्या. पाच ते सात असाल तर फ्लेक्झिबल घ्या, पण रोजचं टेबल धरूनच. आठ किंवा जास्त असाल आणि त्यात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर उशिराची फिक्स्ड वेळ मला आजही जास्त सुखाची वाटते. टेबल तुमचंच असतं, कुणी पायरीवर बसत नाही.

केबिन वेगवेगळ्या बुकिंगवर असतील तर आणखी एक काम. प्रत्येक केबिनचा बुकिंग नंबर एकमेकांना जोडून घ्यायला एजंटला सांगा आणि "जेवणासाठी एकत्र" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं एकाच दिवशी बुकिंग केलं म्हणून कंपनी आपल्याला एका टेबलावर बसवत नाही. बहिणीच्या तीन केबिनींपैकी एक तिच्या दिरांनी वेगळ्या एजंटकडून घेतली होती. ती जोडायची राहिली होती, फोनवर बोलता बोलता लक्षात आलं.

जोडपी विचारतात, "फिक्स्डमध्ये अनोळखी लोकांबरोबर बसवतात का?" हो, बसवू शकतात, सहा-आठच्या टेबलावर. आवडत असेल तर फार छान ओळखी होतात. नको असेल तर बुकिंग करतानाच दोघांचं टेबल मागा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर मिळतच नाही.

चौविहार, संकष्टी आणि औषधाच्या गोळ्या

नाशिकमध्ये जैन, मारवाडी, गुजराती घरं भरपूर, आणि आपल्याकडेही उपासतापास आहेतच. बोटीबद्दलच्या माहितीत हे सहसा सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

चौविहार पाळणाऱ्यांनी, म्हणजे सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी, आधी तिथला सूर्यास्त बघावा. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्य सातच्या आसपासच मावळतो. म्हणजे चौविहार पाळणाऱ्यांसाठी साडेपाचची लवकरची फिक्स्ड वेळ एकदम योग्य. फ्लेक्झिबल घेतलंत तर दार उघडताक्षणीचं टेबल धरा आणि हेड वेटरला सातच्या आत जेवण संपायला हवं असं सांगा. उलट बार्सिलोनाला जून-जुलैत सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो, तिथे साडेसात सुद्धा चालतात. डिसेंबरात मुंबईहून निघालात तर सूर्यास्त सहाच्या सुमारास. तेवढ्या लवकर डायनिंग रूम उघडते का, नाही तर बुफेत जैन काउंटर कितीला सुरू होतो, हे बुकिंगच्या आधीच विचारून घ्या.

जैन जेवण, कांदा-लसूण नको, ग्लूटेन चालत नाही, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, हे सगळं आधी लेखी कळवावं लागतं. कंपन्या साधारण दीड ते तीन महिने आधी कळवा म्हणतात. पण नुसतं कळवून भागत नाही. विशेष जेवण असलेल्या माणसाला हेड वेटर आज रात्री उद्याचा मेनू दाखवतो, आपण पदार्थ निवडतो, आणि तो उद्या आपल्यासाठी वेगळा बनवून ठेवतात. हे चक्र टेबल आणि वेटर ठरलेले असतील तरच नीट चालतं. आज एका कोपऱ्यात, उद्या दुसऱ्या मजल्यावर बसलात तर निवडलेली डाळ एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. म्हणून ज्यांच्या घरात एकाचंही जेवण वेगळं आहे त्यांनी फिक्स्ड घ्यावं, किंवा फ्लेक्झिबलमध्ये रोज त्याच वेळी त्याच वेटरचं टेबल मागावं. या बाबतीत माझं मत अगदी ठाम आहे.

संकष्टीचं उलट. प्रवासाच्या तारखा ठरल्या की दिनदर्शिका उघडा. मध्ये संकष्टी येत असेल तर त्या रात्री उपास सोडणारी व्यक्ती चंद्रोदयाआधी जेवणार नाही, आणि चंद्रोदयाची वेळ त्या ठिकाणची बघावी लागते, नाशिकची नाही. नऊच्या पुढे गेली तर डायनिंग रूमच्या शेवटच्या प्रवेशाला गाठ पडते. अशा रात्री फ्लेक्झिबलमधलं सगळ्यांत शेवटचं टेबल धरा, नाही तर बुफे किती वाजेपर्यंत उघडा आहे ते दुपारीच पाहून ठेवा.

मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन घेणाऱ्यांनी वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. पण टेबलापुरतं सांगायचं तर, अशा माणसाला पेजर घेऊन ताटकळत ठेवू नये. त्यांच्यासाठी पक्की वेळ हवी, मग ती फिक्स्डची असो की धरून ठेवलेल्या फ्लेक्झिबलची.

दिवसभराचा कार्यक्रम

आता प्रवासाचा तक्ता समोर घ्या आणि बोट बंदरातून किती वाजता सुटते ते पाहा. संध्याकाळी सहा-सातला सुटणार असेल तर तुम्ही पाचच्या सुमारास दमून केबिनमध्ये येणार, अंघोळ, थोडं पडणं, आणि साडेपाचचं जेवण गेलंच. असे दिवस दोनाहून जास्त असतील तर लवकरची फिक्स्ड वेळ बाद करा.

थिएटरमधला मुख्य शो बहुतेक बोटींवर रात्रीत दोनदा होतो आणि त्याची आखणी फिक्स्डवाल्यांना धरून केलेली असते : लवकर जेवणारे नंतरचा बघतात, उशिरा जेवणारे आधीचा. फ्लेक्झिबलवाल्यांनी ही सांगड स्वतः घालायची. शो नऊचा असेल तर सातला टेबलावर बसलेलं असावं. साडेसातला बसलात तर शेवटचं गोड समोर येतं आणि तुम्ही घड्याळ बघता.

फॉर्मल नाइट, म्हणजे सगळे नटूनथटून जेवायला येतात ती रात्र, तीन-चार रात्रींच्या क्रूझवर बहुधा एक असते, सात रात्रींच्या क्रूझवर अनेकदा दोन. त्या रात्री एरवी बुफेत जेवणारेही डायनिंग रूममध्ये येतात आणि दारातली रांग जिन्यापर्यंत जाते. पैठणी नेसून त्या रांगेत उभं राहायचं नसेल तर त्या रात्रीचं टेबल आधी धराच. पैसे भरून खास रेस्टॉरंटचं पॅकेज घेतलं असेल तर तेवढ्या रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये जाणार नाही. फिक्स्ड असेल तर आदल्या रात्री वेटरला तसं सांगून ठेवा, म्हणजे टेबलावरची बाकी माणसं वाट बघत बसत नाहीत.

फ्लेक्झिबल ठरलं. आता टेबल धरायचं का?

दोघं आहात आणि सहाला किंवा साडेआठनंतर जेवायची तयारी आहे? मग रोजचं धरू नका, मोकळे राहा. फक्त फॉर्मल नाइटचं घ्या. सातच्या आसपासच जेवायचं असेल तर दोघांनीही धरा, कारण साडेसहा ते पावणेआठ या वेळेत सगळी बोट भुकेली होते. पाच किंवा जास्त असाल तर सगळ्या रात्रींचं धरा, आणि शक्यतो एकाच वेळेचं. याने फ्लेक्झिबलमध्येही फिक्स्डचं सुख मिळतं, आणि एखाद्या दिवशी बदलायचं झालं तर बदलता येतं.

कसं करायचं? एजंटकडून बुकिंग नंबर मागून घ्या. तो बऱ्याचदा त्यांच्याच मेलमध्ये राहतो, आपल्यापर्यंत येत नाही. कंपनीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर स्वतःचं खातं उघडा आणि तो नंबर, पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख टाकून प्रवास जोडा. जेवणाच्या भागात जाऊन रात्री निवडा, वेळ निवडा, जोडलेल्या केबिनींतली सगळी नावं त्यात घ्या. मग प्रत्येक रात्रीचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. पैसे भरल्यावर दोन-चार दिवसांत हे करावं. सातची टेबलं सगळ्यांत आधी संपतात.

हवी ती वेळ दिसली नाही तर घाबरू नका. सगळी टेबलं ऑनलाइन ठेवत नाहीत, दारात येणाऱ्यांसाठी काही राखलेली असतात. जवळची मिळेल ती वेळ घ्या आणि बाकीचं बोटीवर बदला. मोठं टेबल दिसत नसेल तर एकाच वेळेची दोन लहान टेबलं घ्या आणि शेजारशेजारची मागा. अकराला पाच आणि सहा असं विभागलं की लगेच जमतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बोटीवर चढल्यावर

केबिनमध्ये गेल्यावर किंवा त्याआधीही, बोर्डिंगच्या कार्डावर आणि अ‍ॅपवर जेवणाची वेळ व टेबल नंबर तपासा. बोटीच्या वायफायला जोडलं की बहुतेक कंपन्यांचं अ‍ॅप इंटरनेटचं पॅकेज न घेताही चालतं. फोन विमान मोडवरच ठेवा, समुद्रातलं रोमिंग फार महाग पडतं. वेळ चुकीची लागली असेल किंवा बदलायची असेल तर पहिल्या दुपारीच डायनिंग रूमपाशी जा. तिथे हेड वेटर याच कामासाठी बसलेला असतो. संध्याकाळी दारात गर्दी झाल्यावर त्याला बोलायलाही वेळ नसतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी तेच केलं. हेड वेटरने स्क्रीनवर बोट फिरवत आठची शेजारशेजारची दोन टेबलं दिली, बाकीच्या सगळ्या रात्रींसाठी, तोच वेटर. पहिल्या जेवणात सासूबाईंनी त्याच्याकडे हाताच्या खुणेने मिरची मागितली होती. पुढच्या वेळी आम्ही बसलो तेव्हा पाण्याच्या ग्लासांआधी त्यांच्या पुढ्यात एक छोटी बशी आली : लिंबाच्या चार फोडी आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची. त्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला त्यांची. त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. नंतर त्यांनी घरी सगळ्यांना सांगितलं ते समुद्राबद्दल नव्हे, त्या बशीबद्दल. ठरलेलं टेबल का घ्यावं, हे मला कुणी विचारलं की मी ही बशी सांगते.

एक चूक आमची, ती तुम्ही करू नका. फुकेतला उतरल्यावर मी फोन सुरू केला, त्याने थायलंडची वेळ पकडली. ती सिंगापूरच्या एक तास मागे. बोट मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालत होती. फोनमधले आठ बघून आम्ही जेवायला गेलो तेव्हा बोटीवर नऊ वाजले होते, आमची टेबलं दुसऱ्यांना दिलेली. शेवटी तीन ठिकाणी विखरून बसलो. तेव्हापासून मी साधं मनगटी घड्याळ नेते, बोटीवर चढल्यावर केबिनमधल्या फोनच्या स्क्रीनशी जुळवते आणि बंदरात त्याला हात लावत नाही. रिझर्व्हेशन असलं तरी उशीर झाला तर टेबल धरून ठेवत नाहीत. फिक्स्डवालेही सुरुवातीनंतर थोड्या वेळाने आत घेतीलच याची खात्री नसते. जाणार नसाल तर अ‍ॅपवरून रद्द करा, ते टेबल रांगेतल्या एखाद्या आजीला मिळेल.

बहिणीचं शेवटी असं ठरलं : सात माणसं, सासरे मधुमेही, मुलगा नऊ वर्षांचा, कुणाचंही जेवण वेगळं नाही. फ्लेक्झिबलच ठेवलं, पण चारही रात्री तीन आणि चार अशी दोन टेबलं धरून. पहिल्या रात्री साडेसहा, मधल्या दोन रात्री साडेसात. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि शेवटची रात्र?"

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्ट्या लावून दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीच क्रू गोळा करतो आणि सकाळी त्या बंदरात मिळतात. आठला जेवायला बसलात तर दहाला येऊन घाईघाईत बॅगा भरायच्या. म्हणून ते टेबल पावणेसातचं घे म्हटलं, आणि बॅगा बाहेर ठेवण्याआधी सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेव.